सोडिअम, पोटॅशिअम आणि इतर अतिक्रियाशील धातू शाळेत कसे ठेवावेत: विदर्भातल्या प्रयोगशाळांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडचिरोलीपासून बुलडाण्यापर्यंतच्या गावांतले विज्ञान शिक्षक, प्रयोगशाळा सहायक आणि परिचर जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. ‘सोडिअम रॉकेलमध्ये ठेवतात’ एवढं एक वाक्य आपल्याला शाळेपासून पाठ असतं. ते बरोबर आहे, पण आपल्या मे महिन्याला, टिनाच्या छताला आणि जुलैच्या ओलीला ते पुरत नाही. साठा कमीत कमी हवा आणि वर्षातून दोनदा त्याच्याकडे नीट बघायला हवं. पुढची बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

१. सोडिअम उघडं राहिलं तर नेमकं काय होतं?

ताजा कापलेला सोडिअम चांदीसारखा चमकतो आणि बघता बघता काळपट होतो. हवेतला ऑक्सिजन आणि बाष्प त्याला लगेच धरतात. आधी ऑक्साइड, मग हायड्रॉक्साइड आणि पुढे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पांढरा कार्बोनेट तयार होतो. कोरड्या हवेत ठेवलेला मोठा तुकडा आपोआप भडकत नाही. त्यामुळे ‘काही होत नाही हो’ असा गैरसमज पसरतो.

खरी अडचण पावसाळ्यात येते. वरचा हायड्रॉक्साइडचा थर हवेतली ओल ओढून पाझरायला लागतो, ते पाणी खालच्या धातूला भिडतं, उष्णता आणि हायड्रोजन दोन्ही तयार होतात. एक ग्रॅम सोडिअम पाण्यात पूर्ण संपला तर जवळपास अर्धा लिटर हायड्रोजन सुटतो. त्याच जागी उष्णताही असल्यामुळे तो पेटायला वेगळी काडी लागत नाही.

२. कोणता धातू कशात ठेवायचा, एकदा सांगून टाका.

सोडिअम आणि पोटॅशिअम कोरड्या रॉकेलमध्ये किंवा, त्याहून चांगलं म्हणजे, लिक्विड पॅराफिनमध्ये (प्रश्न ४). लिथिअमचं प्रकरण वेगळं आहे (प्रश्न १२). कॅल्शिअमला तेल लागत नाही, घट्ट झाकणाची कोरडी बाटली पुरते. मॅग्नेशिअमची फीत, मॅग्नेशिअम व ॲल्युमिनिअमची भुकटी आणि जस्ताची पूड कोरड्या बंद बाटलीत. मात्र भुकटी फितीपेक्षा कितीतरी पटीनं धोक्याची, कारण हवेला भिडणारा पृष्ठभाग फार मोठा असतो. रुबिडिअम आणि सीझिअम सीलबंद काचनळीतच येतात आणि शाळेत त्यांचं काही काम नाही. सीझिअम २८.५ अंशांना वितळतो, म्हणजे आपल्याकडे वर्षातले बरेच महिने तो द्रवच असेल.

३. हवाबंद बाटली असताना तेलाची गरजच काय?

बाटली प्रत्येक वेळी उघडली की नवी हवा आणि नवी ओल आत जाते. तेलामुळे धातू आणि हवा यांच्यात कायमचा पडदा राहतो. सोडिअमची घनता ०.९७ असल्यामुळे तो रॉकेलमध्ये आणि पॅराफिनमध्येही तळाशीच बसतो. धातूच्या वर निदान दोन-तीन सेंटिमीटर तेल हवं.

४. रेशनवर रॉकेल मिळायचं बंद झालं. आता सोडिअम कशात ठेवू?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे. गॅस घरोघर पोचला तसं रेशनचं निळं रॉकेल गावातून गेलं, आणि शाळेच्या बाटलीतलं तेल वर्षानुवर्षं कमी होत राहिलं.

लिक्विड पॅराफिन घ्या. प्रयोगशाळा साहित्याच्या दुकानात मिळतं, तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळतं. ते रंगहीन, वासहीन आणि जाड असतं, सहज उडून जात नाही आणि रॉकेलसारखं चटकन पेट घेत नाही. आपल्या हवामानाला ते रॉकेलपेक्षा सरस आहे असं माझं ठाम मत आहे. नवा साठा घेताना तो पॅराफिनमध्येच मागवा.

मेडिकलमध्ये मागताना एक काळजी घ्या. बद्धकोष्ठतेवरचं पांढरं, दुधासारखं औषधही ‘लिक्विड पॅराफिन’ म्हणून हातात येऊ शकतं. ते पाणी घुसळून केलेलं मिश्रण असतं. त्यात सोडिअम टाकणं म्हणजे पाण्यात टाकण्यासारखंच. बाटली उजेडासमोर धरा. आरपार स्वच्छ दिसत असेल तरच घ्या, आणि लेबलावर पाण्याचा किंवा दुसऱ्या औषधाचा उल्लेख नाही ना ते वाचा.

धातू रॉकेलमधून पॅराफिनमध्ये हलवताना नवी बाटली आधी पूर्ण वाळवा आणि पॅराफिन भरून तयार ठेवा. मग कोरड्या चिमट्यानं एकेक तुकडा उचला, गाळणकागदावर टिपा आणि लगेच नव्या बाटलीत सोडा. पोटॅशिअमच्या जुन्या बाटलीवर मात्र हे करायचं नाही, आधी प्रश्न ११ वाचा.

जवळ असलेलं रॉकेलच वापरायचं असेल तर ते कोरडं करून घ्या. एका बाटलीत रॉकेल आणि निर्जल कॅल्शिअम क्लोराइड घालून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं स्वच्छ रॉकेल अलगद ओतून घ्या. पिंपाच्या तळाचं रॉकेल कधीही वापरू नका, पाणी तिथेच साचलेलं असतं.

५. पेट्रोल, डिझेल, थिनर किंवा गोडेतेल चाललं नाही का?

नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि सोडिअम इथेनॉलशी अभिक्रिया करून हायड्रोजन सोडतो. इथेनॉल नसतं तरी पेट्रोलची वाफ थंडीतसुद्धा पेट घेते. थिनरमध्ये अल्कोहोल आणि ॲसिटोनसारखे द्रव मिसळलेले असतात. डिझेलमध्ये पाणी आणि इतर मिसळलेलं काय काय असेल याचा भरवसा नाही. शेंगदाण्याचं, सोयाबीनचं, खोबऱ्याचं तेल निरुपद्रवी वाटतं, पण त्यात मुक्त आम्लं आणि ओल असते. सोडिअम त्यांना हळूहळू खात राहतो आणि बाटलीत वायू साठतो.

६. आमच्याकडे पारा ४६-४७ला जातो. सोडिअम वितळेल का? रॉकेल पेटेल का?

सोडिअम ९७.८ अंशांना वितळतो, त्यामुळे तो वितळणार नाही. पोटॅशिअमचा द्रवणांक ६३.५ अंश आहे. खोलीतली हवा तिथवर जात नाही, पण तापलेला पत्रा सहज जातो. म्हणून पत्र्याला टेकलेल्या वरच्या फळीवर किंवा ऊन येणाऱ्या खिडकीत ही बाटली नको.

रॉकेलबद्दल मात्र काळजी करावी अशी स्थिती आहे. ज्या तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. भारतीय मानकानुसार रॉकेलसाठी तो किमान ३५ अंश असावा लागतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागांत एप्रिल-मे महिन्यांत बंद खोली ३५ अंश केव्हाच ओलांडते. रॉकेल आपोआप पेटत नाही, पण बाटलीच्या तोंडाशी पेटू शकणारी वाफ असते. अशा वेळी स्पिरिटचा दिवा, काडेपेटी, सैल बटणाची ठिणगी किंवा लाइट गेल्यावर लावलेली मेणबत्ती यांपैकी एकही जवळ नको. पुण्या-मुंबईचे सल्ले वाचून भागत नाही ते यासाठीच.

आणखी एक: तापल्यावर तेल फुगतं. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, वर थोडी जागा सोडा.

७. मग त्या खोलीत कूलर लावू का? की बाटली फ्रिजमध्ये ठेवू?

दोन्ही नको. पाण्याचा कूलर खोली गार करतो ती हवेत ओल भरून, आणि या धातूंना वर्षातला सर्वांत कोरडा काळ जो मिळतो तोही आपण घालवून बसतो. कूलर वर्गात चालवा, रसायनांच्या खोलीत नाही. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या गार बाटलीवर आणि उघडली तर आतही दव जमतं. शिवाय साध्या फ्रिजच्या आत विजेची ठिणगी पडते, तिथे रॉकेलची वाफ नको.

इमारतीतली सर्वांत थंड खोली शोधा. बहुतेक शाळांत ती उत्तरेकडची, स्लॅबची किंवा कौलाची खोली असते. जमिनीलगतचं, भिंतीत बसवलेलं कपाट टिनाखालच्या लोखंडी कपाटापेक्षा बरं.

८. बाटली कशी हवी, आणि शेजारी काय ठेवू नये?

जाड काचेची, फिरकीच्या झाकणाची बाटली. काचेचं बूच नको, कारण कडेला पांढरा क्षार जमला की ते चिकटतं, आणि चिकटलेलं बूच ठोकून काढताना बाटली फुटते. ही बाटली झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि भोवती कोरडी रेती भरा. बाटली तडकलीच तर तेल आणि धातू डब्यातच राहतात.

शेजाऱ्यांबद्दल कडक राहा. पाणी, आम्लं आणि नळ लांब हवेत हे सगळ्यांना माहीत असतं. क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइडकडे मात्र दुर्लक्ष होतं. सोडिअम किंवा पोटॅशिअम या क्लोरिनयुक्त द्रवांना मिळाला तर जबरदस्त स्फोट होऊ शकतो. वर्णानुक्रमे मांडलेल्या फळीवर कोण कोणाशेजारी येईल सांगता येत नाही, म्हणून या धातूंना वेगळं कपाट द्या. पाराही तिथे नको.

९. किती साठा ठेवावा?

मिळेल ती सर्वांत लहान बाटली. हिशोब करून बघा: पाण्यात टाकून दाखवायला चार मिलिमीटर बाजूचा ठोकळा, म्हणजे फार तर मोठ्या मुगाएवढा तुकडा, पुरतो. त्याचं वजन सुमारे ०.०६ ग्रॅम. म्हणजे २५ ग्रॅममध्ये अशी ४०० प्रात्यक्षिकं होतात. ‘अनुदान परत जाईल’ म्हणून अर्धा किलो घेऊन ठेवणाऱ्या शाळा नंतर त्या साठ्याच्या ओझ्याखाली वीस वर्षं राहतात. पोटॅशिअम तर माध्यमिक शाळेत घेऊच नये. जे शिकवायचं ते सोडिअमनं शिकवता येतं.

१०. सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर काय तपासायचं?

आपल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. म्हणजे खोली कडक उन्हाळाभर बंद राहते आणि कुलूप निघतं तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो. म्हणून एप्रिलच्या शेवटी एकदा आणि शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात एकदा बघायचं.

एप्रिलमध्ये तेलाची पातळी भरून घ्या, बाटलीवर बाहेरून पातळीची रेघ आणि तारीख लिहा, झाकण घट्ट करा. छताला कुठे ओल किंवा फट आहे का ते वर बघा. गळतीखाली हे कपाट असेल तर आजच हलवा. अक्षर उडालेलं लेबल बदला. पेनाची शाई तेलानं पुसली जाते, पेन्सिलीनं लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा.

जून-जुलैत खोली उघडली की आधी दारं-खिडक्या उघडून वाफ जाऊ द्या, दिव्याचं बटण लगेच दाबू नका. रेघेपेक्षा तेल किती उतरलं ते बघा. झाकण हळू सोडा, आत हायड्रोजन साठलेला असू शकतो. फुस्स आवाज आला तर तेलात ओल शिरली होती असं समजा आणि तेल बदला. उंदरांनी कुरतडलेलं आणि वाळवीनं खाल्लेलं लेबल हीसुद्धा याच वेळी दिसणारी गोष्ट. तपासणी साठा नोंदवहीत सहीनिशी लिहा, म्हणजे बदली होऊन आलेल्या नव्या सरांना किंवा मॅडमना अंधारात चाचपडावं लागत नाही.

११. पोटॅशिअमवर पिवळा-नारिंगी थर आलाय. खरवडून वापरू का?

नाही. कापू नका, खरवडू नका, हलवून बघू नका, झाकणही उघडू नका.

पोटॅशिअम साठवणीत, तेलाखालीसुद्धा, हळूहळू सुपरऑक्साइड तयार करतो. तो पिवळा ते नारिंगी दिसतो आणि फार जोरदार ऑक्सिडीकारक असतो. चाकूच्या दाबानं तो खालच्या धातूत आणि तेलात दाबला गेला की स्फोट होतो. असे अपघात अनुभवी रसायनतज्ज्ञांच्या हातूनही झाले आहेत. तेल आटलेली, पोटॅशिअम उघडं पडलेली जुनी बाटली याच वर्गात मोडते, थर दिसो की न दिसो. खोलीला कुलूप लावा, दारावर सूचना लावा आणि प्रश्न १८ प्रमाणे पुढे जा.

सोडिअमवरचा पांढरट किंवा करडा थर हे वेगळं प्रकरण आहे. तो मुख्यतः हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट असतो. चष्मा व हातमोजे घालून, कोरड्या फरशीच्या तुकड्यावर, कोरड्या सुरीनं तो थर कापून आतला चमकदार भाग वापरता येतो. सोडिअम घट्ट खव्यासारखा कापला जातो. सुरी अडत असेल तर आत धातू फारसा उरलेला नाही. सोडिअमवरही पिवळट थर दिसला, किंवा तुकडा पोखरून भुगा झालेला असेल, तर तो वापरू नका. कापलेल्या साली टोपलीत टाकायच्या नाहीत, प्रश्न १४ बघा.

१२. लिथिअम रॉकेलमध्ये ठेवला तर वर तरंगतो. काय करावं?

त्याची घनता फक्त ०.५३ आहे, तो पॅराफिनवरही तरंगणारच. वर आलेली बाजू हवेला मिळते आणि काळी पडते, कारण लिथिअम नेहमीच्या तापमानालाही हवेतल्या नायट्रोजनशी अभिक्रिया करतो. त्याला पेट्रोलियम जेलीत पूर्ण बुडवून, घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवतात. जाड पॅराफिनमध्ये पोटॅशिअमही (घनता ०.८६) कधी कधी अधांतरी राहतो, तुकडा पूर्ण झाकलेला आहे ना, एवढं बघा.

मोबाइलच्या बॅटरीबद्दलही विचारतात. ती फोडून लिथिअम काढायचा प्रयोग मुलांना करू देऊ नका. त्या बॅटरीत बहुतेक वेळा लिथिअमचा धातू नसतोच, आणि फोडल्यावर ती हमखास पेटते.

१३. मॅग्नेशिअमची फीत काळपट झाली. फेकून द्यावी का?

नको. पॉलिश पेपरनं घासा, खाली चमकदार धातू असतो. पुढच्या वेळी कोरड्या बाटलीत सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. ओल लागून गोळा झालेली ॲल्युमिनिअमची किंवा जस्ताची पूड मात्र बंद बाटलीत ठेवू नका. ओली पूड गरम होऊन हायड्रोजन सोडते.

१४. सोडिअमचे कपटे आणि तेलकट गाळणकागद कुठे टाकायचे?

केराच्या टोपलीत, मोरीत, विहिरीत किंवा नाल्यात कधीच नाही. प्रात्यक्षिक संपल्यावर कागदाला चिकटलेला एक कण ओल्या टोपलीत पडतो आणि तासाभरानं कागद पेटतो, हा अगदी नेहमीचा अपघात आहे.

कपटे एक-दोन ग्रॅमच्या आत असतील तर शिक्षकांनी स्वतः, उघड्या अंगणात, जवळपास कुठेही ज्योत नसताना हे करावं. रुंद तोंडाच्या चंचुपात्रात निदान १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, चष्मा लावा, आणि मुगाएवढा एकेक तुकडा सोडा. बुडबुडे पूर्ण थांबल्यावरच पुढचा. झाकण ठेवायचं नाही. सगळं विरघळलं की तासभर तसंच राहू द्या, मग थेंबाथेंबानं पाणी घाला, विरल आम्लानं उदासीन करा, लिटमसनं खात्री करा आणि भरपूर पाण्यासोबत सोडा. कागद त्याच अल्कोहोलमध्ये भिजवून मग पाण्यात बुडवा.

हाताला लावायचं सॅनिटायझर यासाठी वापरू नका. त्यात बरंच पाणी असतं. मिथेनॉलही नको, त्यात अभिक्रिया फार वेगानं होते. पोटॅशिअमचे कपटे शाळेत नष्ट करायचे नाहीत.

१५. आग लागली तर?

पाणी नाही. फेस नाही. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, कारण तापलेला सोडिअम आणि मॅग्नेशिअम त्या वायूतही जळतात. भिंतीवरचं नेहमीचं एबीसी पावडरचं यंत्रही या आगीसाठी नाही, आणि त्याच्या जोरदार झोतानं जळता धातू उडून पसरतो. धातूंच्या आगीला ‘डी’ वर्गाची पावडर लागते. ती बहुतेक शाळांत नसते, त्यामुळे आपलं साधन कोरडी रेती.

आणि ‘कोरडी’ हाच कळीचा भाग आहे. व्हरांड्यातल्या लाल बादलीतली रेती जुलैत ओली असते, त्यात पानाच्या पिचकाऱ्याही असतात. ती सोडिअमवर टाकणं म्हणजे पाणी टाकणं. मे महिन्याच्या उन्हात चाळलेली रेती ताडपत्रीवर पसरा, दोन-तीन दिवस वाळवा आणि घट्ट झाकणाच्या पिंपात भरून ‘धातूंच्या आगीसाठी’ असं लिहून रसायनांच्या खोलीच्या दाराशी ठेवा. भाजून कोरडं केलेलं साधं मीठही सोडिअमसाठी चांगलं चालतं, तेही हवाबंद हवं.

आग लागल्यावर रेती फेकू नका, लांब दांड्याच्या फावड्यानं हळू पसरत जाड थर द्या. मुलांना आधी बाहेर काढा. विझल्यासारखं दिसलं तरी खाली गरम धातू असतो, पूर्ण गार होईपर्यंत उकरू नका. एका फावड्यात आटोपणारी नसेल तर दार लावून बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ लावा, आणि फोनवर ‘सोडिअम आहे, पाणी मारू नका’ हे पहिल्या वाक्यात सांगा. जळत्या लिथिअमवर रेतीही चालत नाही, ग्राफाइटची पूड लागते.

१६. तुकडा अंगावर किंवा डोळ्यात गेला तर?

अंगावरचा धातू आधी कोरड्या चिमट्यानं पूर्ण काढा, आणि मगच वाहत्या पाण्याखाली निदान १५-२० मिनिटं धरा. डोळ्यात काही उडालं तर वेळ न घालवता सतत पाणी सोडत राहा, पापण्या उघड्या धरा आणि १०८ला फोन करा. लिंबू, हळद, तूप काही लावायचं नाही.

१७. लेबल नसलेली बाटली सापडली, आत मेणासारखे तुकडे आणि द्रव आहे. सोडिअमच असेल ना?

तसं धरून चालू नका. पांढरा फॉस्फरसही मेणासारखाच दिसतो, पण तो पाण्याखाली ठेवतात, आणि कोरडा पडला तर ३० अंशांच्या आसपास हवेत पेटतो. एकाला पाणी वाचवतं, दुसऱ्याला पेटवतं. म्हणून अंदाजानं पाणी किंवा तेल ओतू नका. सावलीत, आहे तिथेच, रेतीच्या डब्यात ठेवा आणि पुढचा प्रश्न बघा.

१८. शाळा बंद झाली किंवा प्रयोगशाळा पडून आहे. जुना साठा कोणाला द्यायचा?

मुख्याध्यापकांच्या सहीनं लेखी यादी करा: नाव, अंदाजे वजन, बाटलीची स्थिती, लांबून काढलेला फोटो. पहिल्यांदा ज्या दुकानातून घेतलं त्या पुरवठादाराला विचारा, आणि सोबतच नागपूर, अमरावती किंवा गोंडवाना विद्यापीठाशी जोडलेल्या जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला. चांगल्या स्थितीतला सोडिअम ते सहसा घेतात. खराब साठ्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर, अमरावती किंवा चंद्रपूरच्या प्रादेशिक कार्यालयाला पत्र द्या. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करण्याची सामायिक सुविधा नागपूरजवळ बुटीबोरीला आहे.

साठा नेणं-आणणं त्यांच्या वाहनानं होऊ द्या. सोडिअम एसटीच्या डिकीत, रेल्वेत किंवा मोटरसायकलच्या डिकीत न्यायचा नाही. ओल लागली की धोकादायक होणाऱ्या पदार्थांच्या ४.३ या वर्गात तो मोडतो. नवी खरेदी करतानाही हेच.

नदीकाठच्या शाळांनी मात्र पत्राच्या उत्तराची वाट बघत बसू नये. ऑगस्ट २०२०च्या शेवटी वैनगंगेला आलेला पूर आठवत असेल, आणि भामरागडला पर्लकोटा तर वारंवार गावात शिरते. जड बाटल्या खाली ठेवाव्यात हा एरवीचा नियम अशा ठिकाणी मोडायचा: डबा पूररेषेच्या वर, पण डोळ्यांच्या उंचीच्या खाली बसेल अशी फळी करून घ्या. तशी जागाच नसेल, तर चांगल्या स्थितीतला सोडिअमचा डबा जूनच्या आधी पुरवठादाराकडून उंचावरच्या शाळेत हलवून घ्या आणि पावती फाइलला लावा.